इंजिन काढून शिडं चढवलेलं मुंबईचं जहाज

१८६३ साली लंडनच्या एका जहाजमालकाने मुंबईत बांधलेलं, वाफेवर चालणारं एक लढाऊ जहाज विकत घेतलं. त्यातलं इंजिन बाहेर काढलं, दोन्ही अंगांची भलीमोठी चाकं उतरवली आणि वर तीन डोलकाठ्या पुरत्या शिडांनी सजवल्या. जहाजाला नाव दिलं ‘ट्वीड’. शाळेत आपण शिकलो ते उलट होतं: आधी शिडं, मग वाफ, मग डिझेल. मग हा गडी मागे का गेला?

जॉन विलिस हे त्याचं नाव. डोक्यावर कायम पांढरी उंच टोपी, म्हणून गोदीत सगळे त्याला ‘व्हाइट हॅट विलिस’ म्हणत. व्यवहाराला पक्का. त्याने एक नाही, दोन जुळी जहाजं घेतली आणि त्यातलं एक लगेच विकून टाकलं, तेही दोन्हींना मिळून जेवढे मोजले होते त्यापेक्षा जास्त किमतीला. म्हणजे ट्वीड त्याला फुकटात पडलं, वर चार पैसे सुटले. असा माणूस भावनेच्या भरात इंजिन काढत नाही. त्याचा हिशेब समजून घ्यायचा तर आधी मुंबईच्या गोदीत जावं लागेल.

काळा घोड्यावरून लायन गेटकडे जाताना जी उंच दगडी भिंत लागते, तिच्या पलीकडची ही गोष्ट. आत नौदलाची गोदी आहे, आपल्याला जाता येत नाही. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून इथे आले आणि पुढे दीडशे वर्षं त्यांच्या घराण्यातले मिस्त्री इथे जहाजं बांधत राहिले. मिस्त्री म्हणजे ‘मास्टर बिल्डर’, साधा सुतार नव्हे. नव्या जहाजाचा तळाचा कणा बसवताना त्यात चांदीचा खिळा ठोकायची त्यांची रीत होती.

१८५४ साली याच गोदीत कर्सेटजी रुस्तमजी वाडियांच्या हाताखाली ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारासाठी दोन जहाजं पाण्यात उतरली. एकाचं नाव ‘आसई’, दुसऱ्याचं ‘पंजाब’. हे पंजाबच पुढे विलिसचं ‘ट्वीड’ झालं. कंपनी आपल्या जहाजांना आपल्या विजयांची नावं द्यायची. आसई म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातलं गाव, जिथे १८०३ मध्ये वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पंजाब कंपनीने १८४९ मध्ये गिळला होता. ज्या मातीत आपण हरलो तिचं नाव लिहिलेलं जहाज मुंबईतल्या कारागिरांनी घडवलं. हे वाचताना जरा कसंसंच होतं, पण त्या काळच्या मुंबईत याचं कोणाला नवल वाटलं असेल असं नाही.

आराखडा ऑलिव्हर विल्यम लँग या इंग्रज नौकारचनाकाराचा. एका जुन्या फ्रेंच लढाऊ जहाजाच्या घडणीवरून त्याने तो बेतला असं सांगतात. लाकूड मात्र सागवान. या लाकडाचं मोल कळल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही, म्हणून इथे दोन मिनिटं थांबू.

इंग्लंडची जहाजं ओकची असत. ओक मजबूत खरा, पण त्यात एक तुरट आम्ल असतं. ते लोखंडी खिळ्यांना खातं, खिळ्याभोवतीचं लाकूड काळं पडून सैल होतं. सागवानात तेल असतं. खिळा त्यात वर्षानुवर्षं शाबूत राहतो, पाण्यातला किडा सहसा त्याला तोंड लावत नाही, उन्हापावसात ते फारसं आकसत-फुगत नाही. मुंबईचे कारागीर फळीला फळी नुसती चिकटवून ठेवत नसत. एकीच्या कडेत खाच पाडून दुसरीची कड तीत बसवत आणि मध्ये राळेत भिजवलेला कापूस घालून सांधा बंद करत. पटत नसेल तर इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं गाव आहे, तिथे ‘ट्रिंकोमाली’ पाहायला मिळतं. वाडियांनी मुंबईत सागवानात बांधलेलं, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं. दोनशे वर्षं उलटली, ते अजून तरंगतंय.

तर ‘पंजाब’चं अंग असं होतं. त्याच्यावर लादलेलं यंत्र मात्र जन्मतःच म्हातारं.

त्याला दोन बाजूंना दोन चाकं होती, पाणी मागे ढकलणारी. तलावात हे छान चालतं. समुद्रात जहाज एका अंगाला कललं की एक चाक पाण्यात खोल बुडतं, दुसरं हवेत फिरतं. कोळसा जळत जातो तसं जहाज हलकं होऊन वर येतं आणि चाकं पुरती बुडतच नाहीत. शिवाय लढाईत शत्रूचा एक गोळा चाकावर बसला की खेळ संपला. इंग्रजी आरमाराने १८४५ मध्येच एक परीक्षा घेतली होती. पाण्याखाली फिरणारा पंखा लावलेलं ‘रॅटलर’ आणि चाकांचं ‘अलेक्टो’ ही दोन जहाजं पाठीला पाठ लावून दोरखंडाने बांधली आणि दोघांनी विरुद्ध दिशांना पूर्ण जोर लावला. रॅटलरने अलेक्टोला उलटं ओढत नेलं. त्यानंतर नऊ वर्षांनी पंजाब पाण्यात उतरलं, चाकं लावून!

आरमारातली त्याची कारकीर्द छोटी. त्यातली एक गोष्ट नोंदवावी अशी आहे. १८५७ च्या नोव्हेंबरात ढाक्याला देशी शिपायांची शस्त्रं काढून घेण्यासाठी जहाजांवरचे नौसैनिक उतरवले गेले, लालबागच्या किल्ल्यात चकमक झाली. पंजाबवरचा आर्थर मेयो नावाचा सतरा वर्षांचा शिकाऊ अधिकारी त्यात आघाडीला होता. त्याला पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १८५८ मध्ये कंपनीचं राज्य गेलं. १८६३ मध्ये तिचं हे जुनं आरमारही मोडीत काढलं आणि पंजाब-आसई विक्रीला आली.

आता विलिसचा हिशेब.

तेव्हाचं सागरी इंजिन कोळशाचं भस्म्या रोग झालेलं पोर होतं. वाफेचा दाब कमी, त्यामुळे थोड्या कामाला भरमसाट कोळसा. लांबच्या फेरीला जहाजाचं पोट कोळशानेच भरायचं, आणि जिथे कोळसा ठेवाल तिथे माल ठेवता येत नाही. भाडं मालाचं मिळतं, कोळशाचं नाही. कोळसा वाटेत घ्यायचा तर एडन, मुंबई, सिंगापूर अशी कोठारं लागत. तिथला बराचसा कोळसा यायचा वेल्सहून, आणि तो आणत शिडाची जहाजं! म्हणजे आगबोट चालावी म्हणून शिडाच्या जहाजाने आधी अर्धी पृथ्वी वळसा घालायची. वाऱ्याचं बिल कोणी पाठवत नाही. टपाल, सरकारी माणसं, घाईचे प्रवासी यांच्यासाठी आगबोट परवडे, कारण त्यामागे टपालाचं सरकारी कंत्राट असे. लोकर, ताग, रेल्वेचं सामान यांना एवढी घाई नव्हती.

विलिसच्या हातात मग काय आलं? सागवानाचं लांबसडक, निमुळत्या नाळेचं (नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक) अंग, वेगासाठीच घडवलेलं. इंजिन आणि कोळशाच्या खणांनी अडवलेली जागा मोकळी केली की सगळं पोट मालाला. त्याने जहाज आणखी लांबवलंही. मोजमाप भरलं सुमारे १,७४५ टन. हा टन वजनाचा नाही हं. जहाजाच्या आतली शंभर घनफूट जागा म्हणजे एक टन, असा तो हिशेब. जहाजाला ‘केवढं’ विचारलं की उत्तर जागेत येतं, आणि विलिसने इंजिन काढून विकत घेतली ती जागाच. नाव दिलं स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरच्या नदीचं. विलिसचं घराणं त्याच मुलखातलं.

नव्या अवतारातली पहिली कामगिरी मुंबईचीच निघाली, आणि गंमत म्हणजे तारेची. लंडन आणि हिंदुस्थान तारायंत्राने जोडायचे होते. त्यासाठी इराणच्या आखातात, आजच्या पाकिस्तानातल्या ग्वादरपासून आजच्या इराकमधल्या फाओपर्यंत, समुद्राच्या तळाशी केबल टाकायची होती. १८६४ मध्ये हे काम झालं. केबल इंग्लंडहून आणली पाच शिडाच्या जहाजांनी, त्यांत ट्वीड होतं आणि त्याचं जुळं आसईही. केबलवरचं वेष्टण गटापर्चाचं, म्हणजे एका झाडाच्या चिकाचं. ते उष्णतेत मऊ पडतं, म्हणून वेटोळी पाण्याने भरलेल्या टाक्यांत ठेवावी लागत. टाक्यांना जागा हवी, आणि इंजिन नसलेल्या जहाजाकडे ती भरपूर. केबल टाकायच्या वेळी मात्र आगबोटींनी या जहाजांना दोरखंडाने ओढलं, कारण केबल सोडताना ठरल्या रेषेत, ठरल्या वेगाने जावं लागतं. वाऱ्याला ते सांगता येत नाही.

त्या पाचांतल्या दोघांचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगून पुढे जातो. आसई पुढच्याच वर्षी आयर्लंडच्या किनाऱ्यावर फुटलं. ‘कॉस्पॅट्रिक’ १८७४ मध्ये न्यूझीलंडला निघालेल्या साडेचारशेहून अधिक माणसांसह भर समुद्रात जळालं, वाचले तिघे.

ट्वीड धावत राहिलं. पहिली चौदा-एक वर्षं त्याचे कप्तान विल्यम स्टुअर्ट हे स्कॉटिश गृहस्थ होते. त्यांच्या हाताखाली ट्वीडचं नाव झालं ते वेगासाठी. हाँगकाँगहून सिंगापूरला टपालाच्या आगबोटीला त्याने दीड दिवसाने मागे टाकलं, असं खलाशी सांगत. हे अशक्य नाही. हिवाळ्यात दक्षिण चिनी समुद्रात ईशान्य मोसमी वारा थेट पाठीशी असतो, तो सिंगापूरकडे ढकलतच नेतो. अशा वाऱ्यात आगबोटीचं यंत्र ठरल्या चालीने चालतं आणि शिडाचं जहाज वाऱ्याच्या चालीने.

लढाऊ जहाजांवरचे अधिकारी म्हणे ट्वीडवर येऊन डोलकाठ्यांची मापं घेऊन जात. कशासाठी? कावड खांद्यावर घेतलेला माणूस आठवा. दोन्ही घागरी सारख्या भरल्यात, पण काठी चार बोटं पुढे-मागे सरकली, तर त्याला सगळी वाट एका हाताने ती सावरत चालावं लागतं. जहाजाचंही तसंच आहे. वारा शिडांना जिथे ढकलतो तो एक बिंदू, आणि पाणी जहाजाच्या अंगाला जिथे धरून ठेवतं तो दुसरा. दोन्ही नीट जुळले तर जहाज आपोआप सरळ जातं. वाऱ्याचा बिंदू जरा मागे पडला की नाळ सारखी वाऱ्याकडे वळू पाहते. मग सुकाणूवाल्याला सुकाणू तिरकं धरून ठेवावं लागतं, आणि तिरकं सुकाणू म्हणजे पाण्यात घातलेला ब्रेक. ट्वीडच्या तीन डोलकाठ्या नेमक्या जागी बसल्या होत्या. यात किती शास्त्र होतं आणि किती नशीब, हे मापं नेणाऱ्यांनाही कळलं असेल का, शंकाच आहे.

हे सारं आपल्यापर्यंत येण्यात एका तरुण अधिकाऱ्याचा वाटा आहे. कप्तान स्टुअर्ट १८७७ मध्ये ट्वीड सोडून ‘लॉख एटिव्ह’ या लोखंडी जहाजावर गेले. तिथे १८८० मध्ये त्यांच्या हाताखाली पोलंडचा एक तिसरा अधिकारी लागला, जोसेफ कॉनराड. पुढे तो इंग्रजीतला मोठा कादंबरीकार झाला आणि त्याने या कप्तानाबद्दल लिहून ठेवलं. नवं जहाज ट्वीडसारखं धावत नाही, ही खंत कप्तानाच्या मनातून काही जात नव्हती. वारा वाढला तरी शिडं कमी करा असा स्पष्ट हुकूम त्यांच्या तोंडून सहज निघत नसे. एका घोड्यावर जीव जडलेल्या स्वाराला दुसरा घोडा दिला की असंच होतं.

विलिसचाही जीव ट्वीडवर जडला होता. चीनच्या चहाच्या शर्यतीसाठी ते फार मोठं पडे. हंगामाचा पहिला चहा लंडनला आधी कोण पोचवतो यात सगळा पैसा असे, आणि एवढं पोट भरेपर्यंत लहान जहाजं निघून जात. म्हणून त्याने चहासाठी वेगळं जहाज बांधायला काढलं. हर्क्युलिस लिंटन या तरुण नौकारचनाकाराला तो घेऊन गेला थेट सुक्या गोदीत उभ्या असलेल्या ट्वीडपाशी. पाणी काढून टाकलेल्या गोदीत जहाजाचं खालचं अंगही उघडं दिसतं. नाळ अशी हवी, हे विलिसचं म्हणणं. लिंटनने नाळ उचलली. मागचा भाग मात्र त्याला पिंपासारखा गोल वाटला, तो त्याने जरा चौकोनी केला. १८६९ च्या नोव्हेंबरात ते जहाज स्कॉटलंडच्या डंबार्टनमध्ये पाण्यात उतरलं. नाव ‘कटी सार्क’. ते आज लंडनच्या ग्रिनिचमध्ये काचेच्या लाटेवर उभं आहे आणि तिकीट काढून लोक त्याच्या पोटाखालून फिरतात. त्याच्या नाळेची आजी मुंबईची, हे त्यातल्या कितीजणांना माहीत असेल?

कटी सार्क पाण्यात उतरायच्या पाचच दिवस आधी सुएझचा कालवा सुरू झाला होता. कालव्यातून आणि तांबड्या समुद्रातून शिडावर जाणं म्हणजे कर्मकठीण. आगबोटींची वाट हजारो मैलांनी कमी झाली, त्याच सुमाराला कमी कोळसा खाणारी इंजिनंही आली. विलिसचा १८६३ चा हिशेब बरोबर होता, पण तो सहा-सात वर्षांत जुना झाला. शिडाच्या जहाजांना मग आफ्रिकेला वळसा घालणारे लांबचे, कमी भाड्याचे माल उरले. ट्वीडने असे माल आणखी जवळपास वीस वर्षं वाहिले.

१८८८ च्या जुलैत ते चीनहून न्यूयॉर्कला निघालं होतं. वाट हिंदी महासागरातून, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागून अगुल्हास नावाचा एक प्रवाह नैऋत्येकडे वाहतो, काही ठिकाणी ताशी चार-पाच सागरी मैलांनी. पश्चिमेकडे जाणाऱ्या शिडाच्या जहाजाला हा म्हणजे फुकटचा सरकता जिना, म्हणून कप्तान मुद्दाम त्यात शिरत. पण जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा, आणि हिवाळ्यात वादळं येतात नैऋत्येकडूनच. प्रवाह एकीकडे, वारा आणि लाटा समोरून. आपल्याकडे खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून वारा सुटला की काय होतं ते कुठल्याही नाखव्याला विचारा. लाटा आखूड होतात, उंच होतात, त्यांची तोंडं भिंतीसारखी उभी राहतात. तेच इथे शंभरपट.

अशा पाण्यात जहाज वाऱ्यापेक्षा झोल्यांनी मोडतं. डोलकाठी म्हणजे एकसंध खांब नव्हे. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशा तीन काठ्या जोडलेल्या असतात, आणि त्या सगळ्यांना उभं धरतात दोर: दोन्ही बाजूंना, मागे आणि पुढे. पुढचे दोर पुढच्या डोलकाठीला बांधलेले असतात. म्हणजे प्रत्येक डोलकाठी शेजारणीला धरून उभी. मंडप उभारताना एक दोर सुटला की सगळा मंडप कसा एका अंगाला झुकत जातो, तसं पुढची पडली की मागची ओढली जाते. विलिसच्याच ‘ब्लॅकॲडर’ या जहाजाच्या डोलकाठ्या पहिल्याच फेरीत अशा कोसळल्या होत्या. पडलेलं लाकूड दूरही जात नाही. दोरांत अडकून ते जहाजाच्या अंगाला लागून तरंगतं आणि प्रत्येक लाटेबरोबर फळ्यांवर धडका देतं. मग खलाशी कुऱ्हाडी घेऊन आपल्याच जहाजाचे दोर तोडत सुटतात.

ट्वीडच्या डोलकाठ्या गेल्या. ज्या डोलकाठ्यांची मापं लोक घेऊन जात, त्याच. अंग शाबूत राहिलं, पण इंजिन पंचवीस वर्षांपूर्वीच काढलेलं आणि आता शिडंही नाहीत. ते अल्गोआच्या उपसागरात आलं, पोर्ट एलिझाबेथला, म्हणजे आजच्या गेबेर्हाला, आणि तिथून पुन्हा निघालं नाही.

अठ्ठावीस वर्षांनी, १९१६ मध्ये, कटी सार्कच्याही डोलकाठ्या याच आफ्रिकी टोकापाशी वादळात कोसळल्या. तेव्हा ते पोर्तुगीज मालकाकडे होतं. पण ती वेळ पहिल्या महायुद्धाची, जहाजांची चणचण असलेली. कटी सार्कला ओढून केप टाउनला नेलं, कमी शिडांची नवी मांडणी करून दिली आणि ते चालू लागलं. ट्वीड चौतीस वर्षांचं होतं, आणि १८८८ मध्ये शिडाच्या जहाजाला नव्या डोलकाठ्या लावायला कोण पैसे घालणार? ते तिथेच मोडलं.

त्याचं लाकूड पोर्ट एलिझाबेथच्या एका चर्चच्या छताला गेलं.